हिमपठाराची शिकवण

प्रस्तावना

पर्वत, हिमनद्या आणि बर्फाच्छादित पठारे यांचे माणसाला नेहमीच आकर्षण वाटत आले आहे. हिवाळ्यात हे प्रदेश अधिकच सुंदर दिसतात आणि तितकेच धोकादायकही होतात. तेथे केवळ धाडस पुरत नाही. पूर्वतयारी, निरीक्षण, संयम आणि वेळेवर माघार घेण्याचा विवेक हे गुणही तितकेच आवश्यक असतात. नॉर्वेचे जगप्रसिद्ध संशोधक रोआल्ड अमुंडसेन हे गुण जन्मतःच घेऊन आले नव्हते. तरुणपणी केलेल्या चुकांनी त्यांना मृत्यूच्या दारापर्यंत नेले होते. त्या चुकांमधून ते कसे घडले, याचा परिचय या पाठात करून दिला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हांला
• अमुंडसेन यांच्या जीवनातील महत्त्वाचे प्रसंग सांगता येतील;
• हिवाळ्यातील पर्वतप्रवासात कोणते धोके असतात, ते स्पष्ट करता येईल;
• धाडस आणि अविचार यांतील फरक उदाहरणांसह लिहिता येईल.

मूळ पाठ

बालपण आणि ध्यास

रोआल्ड अमुंडसेन यांचा जन्म १६ जुलै १८७२ रोजी नॉर्वेच्या आग्नेय भागातील बोर्गे या गावाजवळ झाला. त्यांचे घराणे दर्यावर्दी होते. वडील जहाजांचे मालक आणि कप्तान होते. चार भावांमध्ये रोआल्ड सर्वांत धाकटे. त्यांच्या जन्मानंतर थोड्याच काळात हे कुटुंब राजधानी ख्रिस्तियानिया येथे राहावयास आले. हेच शहर आज ओस्लो या नावाने ओळखले जाते.

रोआल्ड चौदा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. आपल्या धाकट्या मुलाने डॉक्टर व्हावे, अशी आईची इच्छा होती. मुलाचे मन मात्र वेगळ्याच वाटेने धावत होते. उत्तर ध्रुवप्रदेशात सागरी मार्ग शोधण्यासाठी गेलेल्या सर जॉन फ्रँकलिन या इंग्रज दर्यावर्द्याची कहाणी त्यांच्या वाचनात आली. त्या प्रवाशांनी सोसलेल्या हालअपेष्टा वाचून एखादा मुलगा घाबरला असता. रोआल्ड यांना मात्र तसल्याच प्रवासाची ओढ लागली. ऐन हिवाळ्यात ते खोलीच्या खिडक्या सताड उघड्या ठेवून झोपत आणि सुट्टीच्या दिवशी शहराभोवतालच्या डोंगरांत लाकडी स्की पायांना बांधून भटकत. १८८९ मध्ये ग्रीनलंडचे हिमाच्छादित पठार स्कीवरून ओलांडून परतलेल्या फ्रित्यॉफ नान्सेन यांचे राजधानीत भव्य स्वागत झाले. ते पाहून सोळा वर्षांच्या रोआल्ड यांचा निश्चय अधिकच दृढ झाला.

आईच्या समाधानासाठी त्यांनी वैद्यकीय शिक्षणास आरंभ केला. परंतु १८९३ मध्ये तिचा मृत्यू झाला आणि त्यांनी विद्यापीठाचा कायमचा निरोप घेतला.

हार्डांगरविडाचे संकट

नॉर्वेच्या दक्षिण भागात हार्डांगरविडा नावाचे विस्तीर्ण पठार आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर असून त्यावर झाडांचा आडोसा जवळजवळ नाही. उन्हाळ्यात तेथे गुराखी आणि रेनडियरचे कळप वावरतात. हिवाळ्यात मात्र सारे पठार ओस पडते. पश्चिमेकडील समुद्रावरून येणारी वादळे त्यावर विनाअडथळा कोसळतात. आकाश आणि जमीन यांचा रंग एकच होतो आणि चार पावलांपलीकडचे दिसेनासे होते.

जानेवारी १८९६ मध्ये रोआल्ड आणि त्यांचे थोरले बंधू लिऑन यांनी हे पठार पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडण्याचे ठरवले. पायथ्याच्या मोगेन या वस्तीतील शेतकऱ्यांना हा बेत ऐकून आश्चर्य वाटले. हिवाळ्यात पठारावर कोणी जात नाही, असे सांगून त्यांनी या तरुणांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. वादळामुळे काही दिवस त्या वस्तीतच अडकून पडावे लागले, तरीही दोघांचा निश्चय ढळला नाही. दोन दिवसांत पलीकडे पोहोचू, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून त्यांनी तंबू घेतला नाही. कातडी झोपपिशव्या, एक छोटा स्पिरिटचा दिवा, थोडी बिस्किटे, चॉकलेट आणि लोणी एवढीच त्यांची शिदोरी होती.

पहिल्या मुक्कामाला त्यांना गुराख्यांची एक रिकामी झोपडी सापडली. तिचे दार खिळे ठोकून बंद केलेले होते. मोठ्या कष्टाने ते आत शिरले, तोच वादळ सुरू झाले. दोन दिवस तेथेच गेले. झोपडीत सापडलेल्या थोड्याशा पिठाची पातळ पेज करून त्यांनी आपले अन्न वाचवले. पुढे निघाल्यावर पुन्हा बर्फ पडू लागला. भिजलेल्या नकाशाचा लगदा झाला. रात्र उघड्यावर काढावी लागली. झोपताना त्यांनी अन्नाच्या पिशव्या पायांशी ठेवल्या आणि जागा ओळखता यावी म्हणून जवळ स्कीची काठी रोवली. सकाळी पाहतात तो पिशव्या नाहीशा झालेल्या! पुष्कळ शोधूनही त्या सापडल्या नाहीत.

आता पुढे जाण्यात अर्थ नव्हता. दोघे परत फिरले. पण बर्फवृष्टीत दिशा सापडेना. एके रात्री रोआल्ड यांनी वाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून बर्फात एक अरुंद बीळ खणले आणि झोपपिशवीसह ते त्यात शिरले. संध्याकाळी हवा किंचित उबदार होती. त्यामुळे वरून पडणारे हिम ओले होते. रात्री एकाएकी थंडी वाढली आणि ते ओले हिम गोठून दगडासारखे घट्ट झाले. मध्यरात्री जाग आली तेव्हा त्यांना हातपाय हलवता येईनात. हाक मारावी तर आवाज बाहेर जाईना. श्वास घेण्यापुरतीही हवा पुरेल की नाही, अशी शंका येऊ लागली. बाहेर झोपलेल्या लिऑन यांना जाग आली, तेव्हा भाऊ कोठेच दिसेना. सुदैवाने बर्फातून डोकावणारे झोपपिशवीचे काही केस त्यांच्या दृष्टीस पडले. काही तास खणून त्यांनी भावाला त्या बर्फाच्या थडग्यातून बाहेर काढले.

उपाशीपोटी भटकत अखेर ते ज्या वस्तीतून निघाले होते तेथेच परत आले. गालफडे बसलेल्या, दाढी वाढलेल्या या दोन तरुणांना तेथील माणसांनी आरंभी ओळखलेसुद्धा नाही.

पुढे असंख्य अडचणी झेलणाऱ्या या संशोधकाने आपल्या आत्मचरित्रात या छोट्या प्रवासाला मोठी जागा दिली आहे, यात नवल नाही. दोन दिवसांचा हिशेब चुकू शकतो. स्थानिक लोकांचे म्हणणे डोळ्यांआड करू नये. निवारा, अन्न आणि दिशा यांपैकी एकही गोष्ट नशिबावर सोडू नये, हे त्या पठाराने त्यांना शिकवले. पुढील आयुष्यातील त्यांच्या काटेकोर तयारीचे मूळ या अनुभवात सापडते.

अभ्यासाची वर्षे

१८९७ मध्ये अमुंडसेन यांनी बेल्जियमच्या ‘बेल्जिका’ या जहाजावर अधिकारी म्हणून नोकरी पत्करली. हे जहाज दक्षिण ध्रुवप्रदेशातील समुद्रात बर्फात अडकले आणि १८९८ चा संपूर्ण हिवाळा खलाशांना तेथेच काढावा लागला. सूर्याचे दर्शन अनेक आठवडे झाले नाही. डबाबंद अन्नावर जगणाऱ्या खलाशांना स्कर्व्ही या रोगाने ग्रासले. हा रोग ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. परंतु सील आणि पेंग्विन यांचे ताजे मांस खाल्ल्याने रोग हटतो, असे जहाजावरील डॉक्टर फ्रेडरिक कुक यांच्या लक्षात आले. अमुंडसेन यांनी तो आग्रह उचलून धरला. रुग्ण हळूहळू सुधारले. ही गोष्ट ते आयुष्यभर विसरले नाहीत.

१९०३ मध्ये ‘योआ’ नावाच्या एका लहानशा जहाजातून ते सहा सहकाऱ्यांसह निघाले. अटलांटिक महासागरातून कॅनडाच्या उत्तरेकडून पॅसिफिक महासागरात जाणारा वायव्य मार्ग पार करायचा, हे त्यांचे ध्येय होते. ज्या शोधात फ्रँकलिन यांच्यासह १२९ माणसांनी प्राण गमावले होते, तोच हा मार्ग. १९०६ मध्ये तो संपूर्णपणे जहाजाने पार करणारे ते पहिले ठरले.

या प्रवासात किंग विल्यम बेटावर त्यांनी दोन हिवाळे काढले. तेथील नेत्सिलिक इनुइट लोक त्यांचे खरे गुरू झाले. बाहेरून आलेले अनेक प्रवासी या लोकांना मागासलेले समजत. अमुंडसेन मात्र त्यांच्याजवळ विद्यार्थ्याच्या नम्रतेने बसले. कातड्याचे सैल कपडे दोन थरांत कसे घालावेत, हे ते शिकले. आतल्या थराची लव अंगाकडे आणि बाहेरच्या थराची लव बाहेर ठेवली जाई. दोन थरांमध्ये उबदार हवा खेळती राहत असे. तंग कपड्यांत घाम साचतो, ओला कपडा गोठतो आणि शरीराची ऊब हिरावून घेतो. म्हणून थंडीत घाम येऊ न देणे हे थंडीपासून बचाव करण्याइतकेच महत्त्वाचे, हे त्यांना उमगले. कुत्र्यांच्या घसरगाड्या हाकणे आणि बर्फाच्या विटांचे घर रचणे या कलाही त्यांनी आत्मसात केल्या. काही वर्षांपूर्वी बर्फाच्या बिळात गुदमरलेला हा माणूस आता त्याच बर्फातून सुरक्षित निवारा उभारावयास शिकला.

दक्षिण ध्रुवाची तयारी

उत्तर ध्रुव गाठण्याची त्यांची महत्त्वाकांक्षा होती. परंतु १९०९ मध्ये इतरांनी तो गाठल्याचे दावे प्रसिद्ध झाले. तेव्हा त्यांनी गुप्तपणे बेत बदलला. १९१० मध्ये नान्सेन यांचे ‘फ्राम’ जहाज घेऊन ते निघाले आणि वाटेत मदेरा बेटावर पोहोचल्यावरच त्यांनी दक्षिण ध्रुवाचा विचार सहकाऱ्यांना सांगितला. त्याच वेळी इंग्लंडचे कॅप्टन रॉबर्ट स्कॉट हेही दक्षिण ध्रुवाकडे निघाले होते. या गुप्ततेबद्दल अमुंडसेन यांच्यावर टीका झाली.

जानेवारी १९११ मध्ये अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरील हिमस्तरावर त्यांनी ‘फ्रामहाइम’ हा तळ उभारला. हिवाळा सुरू होण्यापूर्वी ८०, ८१ आणि ८२ अंश अक्षांशांवर अन्न व इंधन यांचे साठे ठेवण्यात आले. परतताना वादळ किंवा धुके असल्यास हा साठा सापडणार कसा, हा प्रश्न होता. हार्डांगरविडावर पायांशी ठेवलेले अन्न जेथे सापडले नव्हते, तेथे या अफाट मैदानावर एकुलत्या निशाणाचा काय उपयोग? म्हणून साठ्याच्या दोन्ही बाजूंना, प्रवासाच्या वाटेला आडव्या रेषेत, कित्येक किलोमीटरपर्यंत ठरावीक अंतरांवर निशाणे रोवण्यात आली. प्रत्येक निशाणावर क्रमांक होता. वाट चुकलेला प्रवासी या रेषेला कोठेही येऊन मिळाला, तरी साठा कोणत्या बाजूला आणि किती दूर आहे, हे त्याला कळत असे.

हिवाळ्यातील चार महिने सूर्य उगवला नाही. या काळात कोणीही रिकामे बसले नाही. कुशल सुतार असलेल्या ओलाव ब्यालांड यांनी घसरगाड्या तासून त्यांचे वजन निम्म्याहून कमी केले. पायांत हवा खेळावी म्हणून बूट पुनःपुन्हा उसवून शिवले गेले. इंधन झिरपून जाऊ नये यासाठी डब्यांच्या सांध्यांना डाख दिला गेला. ताजे सीलचे मांस रोजच्या जेवणात होते.

एक घोडचूक

एवढी दक्षता घेणाऱ्या माणसाच्या हातूनही एक गंभीर चूक झाली. स्कॉट आपल्या आधी निघतील, या भीतीने त्यांना घेरले. सहकारी यालमार योहान्सेन यांनी घाई न करण्याचा सल्ला दिला होता. योहान्सेन यांनी पूर्वी नान्सेन यांच्यासह उत्तर ध्रुवप्रदेशात प्रवास केला होता. त्यांचा अनुभव मोठा होता. तरीही ८ सप्टेंबर १९११ रोजी, वसंत ऋतू स्थिरावण्यापूर्वीच, आठ जण निघाले. थोड्याच दिवसांत तापमान उणे ५६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. कुत्र्यांचे पाय गोठू लागले, माणसांच्या टाचांना हिमदंश झाला. माघार घेणे भाग पडले.

माघार घेण्याचा निर्णय योग्यच होता. पण तो अमलात आणण्याची रीत मात्र चुकीची होती. शेवटच्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या गतीने तळाकडे धावला आणि अमुंडसेन स्वतः पुढे निघून गेले. हिमदंशाने जखमी झालेले प्रेस्त्रुड मागे पडले. त्यांच्याजवळ अन्नही नव्हते, चूलही नव्हती. योहान्सेन त्यांच्यासाठी थांबले आणि भयंकर थंडीत त्यांना रात्री उशिरा सुखरूप तळावर घेऊन आले. दुसऱ्या दिवशी योहान्सेन यांनी सर्वांसमक्ष नेत्याला दोष दिला. अमुंडसेन यांना ही टीका सहन झाली नाही. त्यांनी योहान्सेन यांना ध्रुवाकडे जाणाऱ्या तुकडीतून वगळले. ज्याने सहकाऱ्याचा जीव वाचवला, त्यालाच हा मान नाकारला गेला. अमुंडसेन यांच्या चरित्रातील ही बाजू झाकून ठेवण्यासारखी नाही.

तथापि, त्या प्रसंगातून त्यांनी धडा घेतला. पुन्हा निघताना घाई केली नाही आणि पथकाची फाटाफूट होऊ दिली नाही.

ध्रुवावर

ऑक्टोबर १९११ मध्ये अमुंडसेन, ब्यालांड, हान्सेन, हासेल आणि विस्टिंग हे पाच जण चार घसरगाड्या आणि ५२ कुत्रे घेऊन निघाले. वाटेत त्यांनी बर्फाचे सुमारे दीडशे स्तंभ रचले. प्रत्येक स्तंभात त्याचा क्रमांक आणि मागील स्तंभाची दिशा लिहिलेला कागद ठेवला जाई. रोजचे अंतर ठरलेले असे. हवा चांगली असली, तरी त्याहून फार पुढे जाण्याचा मोह ते टाळत. कारण थकलेला माणूस चुका करतो आणि थकव्याने घामही येतो.

नोव्हेंबरमध्ये त्यांच्यासमोर पर्वतांची उत्तुंग रांग उभी राहिली. अक्सेल हायबर्ग हिमनदीवरून चढत चार दिवसांत ते सुमारे ३००० मीटर उंचीवरील पठारावर पोहोचले. हिमनदीत खोल भेगा असतात आणि त्यांच्यावर हिमाचे पातळ आच्छादन असते. वरून सपाट वाटणारी जमीन पाऊल ठेवताच खचते. स्कीमुळे शरीराचा भार लांब पट्ट्यावर विभागला जातो, म्हणून असे आच्छादन सहसा तुटत नाही. शिवाय धोक्याच्या जागी पुढचा माणूस दोरीने बांधलेला असे. पठारावर पोहोचल्यावर पूर्वयोजनेनुसार २४ कुत्र्यांना मारण्यात आले आणि त्यांचे मांस माणसांच्या व उरलेल्या कुत्र्यांच्या उपयोगी आणले गेले. विश्वासाने साथ देणाऱ्या जनावरांचा असा अंत करताना त्या सर्वांनाच अतिशय क्लेश झाले.

१४ डिसेंबर १९११ रोजी ते दक्षिण ध्रुवावर पोहोचले. मानवाचे पाऊल तेथे प्रथमच पडत होते. मापनात चूक राहू नये म्हणून त्यांनी तीन दिवस निरीक्षणे केली, एक लहान तंबू उभारला आणि परतीची वाट धरली. ९९ दिवसांत सुमारे ३००० किलोमीटर प्रवास करून जानेवारी १९१२ च्या अखेरीस पाचही जण तळावर सुखरूप परतले.

स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोहोचले. परतीच्या वाटेवर त्यांना आणि त्यांच्या चार साथीदारांना मृत्यूने गाठले. शेवटचे तिघे अन्नसाठ्यापासून सुमारे १८ किलोमीटरवर वादळात अडकले होते. स्कॉट यांच्या धैर्यात कोणतीही उणीव नव्हती. त्या वर्षीची थंडीही असाधारण होती. मात्र हिमप्रदेशात काही किलोमीटरचे अंतरही जीवन आणि मृत्यू यांमधले अंतर ठरते, हे या घटनेने जगाला दाखवून दिले.

अखेरचा प्रवास

पुढील काळात अमुंडसेन यांनी ‘माउद’ जहाजातून उत्तर ध्रुवसागरात प्रवास केला. मे १९२६ मध्ये ‘नॉर्गे’ या हवाई जहाजातून ते उत्तर ध्रुवावरून गेले. या जहाजाचे रचनाकार आणि चालक होते इटलीचे उम्बेर्तो नोबिले. प्रवासानंतर श्रेयाच्या प्रश्नावरून दोघांमध्ये कटू वाद झाला. कर्जामुळे आणि अशा भांडणांमुळे अमुंडसेन यांची उत्तरायुष्यातील वर्षे एकाकी झाली. ज्यांनी बर्फातून खणून काढले त्या लिऑन यांच्याशीही त्यांचे संबंध तुटले होते.

मे १९२८ मध्ये नोबिले यांचे ‘इतालिया’ हे हवाई जहाज उत्तर ध्रुवप्रदेशात कोसळले. ही वार्ता समजताच अमुंडसेन जुने वैर विसरून मदतीला धावले. १८ जून १९२८ रोजी एका फ्रेंच सागरी विमानातून पाच जणांसह त्यांनी नॉर्वेतील ट्रॉम्सो येथून उड्डाण केले. ते विमान परत आले नाही. काही आठवड्यांनी त्याचा एक तरंगक समुद्रात सापडला; माणसांचा शोध मात्र लागला नाही. नोबिले इतरांच्या प्रयत्नांनी वाचले.

आयुष्यभर तयारीला सर्वाधिक महत्त्व देणारा हा पुरुष दुसऱ्याचे प्राण वाचवण्यासाठी तातडीने निघाला आणि त्याच हिमसागरात विलीन झाला. त्यांच्या जीवनाकडे पाहताना विजयाइतक्याच त्यांच्या चुकाही बोलक्या वाटतात. हिमपठाराने शिकवलेला धडा ते जेव्हा स्मरले, तेव्हा सर्व सहकाऱ्यांसह सुखरूप परतले. जेव्हा विसरले, तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी सावधपणाने अनर्थ टळला.

शब्दार्थ

परावृत्त करणे – एखाद्या कृतीपासून मागे वळवणे
शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले अन्न
हिमदंश – अतिथंडीमुळे शरीराच्या भागाला होणारी इजा
हिमनदी – उतारावरून अतिशय मंद गतीने सरकणारा बर्फाचा प्रवाह
डाख देणे – धातूचा सांधा वितळलेल्या धातूने बंद करणे
तरंगक – विमान पाण्यावर तरंगावे म्हणून लावलेला पोकळ भाग

स्वाध्याय

१. हार्डांगरविडाच्या प्रवासात अमुंडसेन बंधूंच्या तयारीत कोणत्या उणिवा होत्या?
२. इनुइट लोकांच्या पोशाखाचे वैशिष्ट्य तुमच्या शब्दांत लिहा.
३. अन्नसाठ्याच्या दोन्ही बाजूंना निशाणे रोवण्यामागील हेतू स्पष्ट करा.
४. सप्टेंबर १९११ मधील माघारीत योहान्सेन यांचे कोणते गुण दिसून येतात?
५. ‘वेळेवर माघार घेणे हेही धैर्यच आहे’ या विचारावर दहा ओळी लिहा.